टिप्सची चौकट : बुडापेस्ट, उनपदेव आणि गरम पाण्याबद्दलचं मराठी लिखाण

भुसावळमध्ये ‘थर्मल’ म्हटलं की दीपनगर. चिमण्या, राख, कोळशाच्या वाघिणी. त्यामुळे मी घरी ‘थर्मल बाथवर लिहितेय’ असं सांगितलं तेव्हा राखेत आंघोळ कोण करतं, असा चेहरा सगळ्यांनी केला. म्हणून आधी शब्दाचा उलगडा. जमिनीतून आपोआप गरम निघणाऱ्या पाण्याचं स्नानगृह म्हणजे थर्मल बाथ. अशा झऱ्याला मराठीत स्वतःचा जुना शब्द आहे : उन्हाळे. ‘ऊन ऊन भात’ मधला तो ऊन. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीतलं उन्हवरे, किनवटकडचं उनकेश्वर आणि आपल्या चोपडा तालुक्यातलं उनपदेव, या सगळ्या नावांत तो ऐकू येतो. खानदेशात मात्र उन्हाळा म्हटलं की मे महिना आठवतो आणि गरम पाण्यात बसायला पैसे देऊन कुणी जात असेल, यावर विश्वास बसत नाही.

पण जातात. आणि त्याबद्दल लिहितातही. माझा पीएचडीचा विषय मराठी प्रवासलेखन आहे, आणि त्यातलं एक प्रकरण स्नानावर आहे. प्रवासी पाण्यात उतरतो तेव्हा काय लिहितो, काय गाळतो, आणि गाळलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, एवढाच प्रश्न. आजच्या पोस्टमध्ये त्यातला एक तुकडा उलगडते : ‘वीकेंडला बुडापेस्ट’ या प्रकारचे मराठी लेख. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांची पर्यटन-पानं, टूर कंपन्यांची मासिकं, युरोपात नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींचे ब्लॉग. एका लेखकाचं नाव घेऊन टीका करायची नाहीये, कारण दोष एकाचा नाही. तो साच्याचा आहे.

एक खुलासा आत्ताच करते. मी बुडापेस्टला गेलेली नाही. गाइड सरांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. माझं उत्तर असं की मी पाण्याचं परीक्षण करत नाहीये, पाण्याबद्दलच्या मजकुराचं करतेय. लेख वाचून माझ्यासारख्या न गेलेल्या माणसाला काय कळतं, हे तर मीच जास्त नीट सांगू शकते.

साचा कसा असतो

शुक्रवारी संध्याकाळी विमान किंवा व्हिएन्नाहून रेल्वे. शनिवारी सकाळी बुडाचा किल्ला, दुपारी साखळी पूल, संध्याकाळी डॅन्यूबवरून दिसणारी संसदेची रोषणाई. रविवारी सकाळी सेचेनीचं स्नानगृह : पिवळी भव्य इमारत, उघड्यावरचे तलाव, थंडीत पाण्यावर उठणारी वाफ, पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. मग एक वाक्य शीण निघून गेल्याचं आणि एक वाक्य ‘आयुष्यात एकदा तरी’ या अर्थाचं. शेवटी रंगीत चौकट, तिचं नाव ‘टिप्स’. त्यात तिकीट ऑनलाइन काढा, स्वतःचा टॉवेल आणि चपला न्या, पोहण्याच्या तलावात टोपी लागते, लॉकर की केबिन ते आधी ठरवा, सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी, असं सगळं.

हे लेख मी हसत वाचायला घेतले होते, हे खरं. पण पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. वरच्या मजकुरात क्रियापदं बघा : डुंबणं, हरवून जाणं, अनुभवणं, ताजंतवानं होणं. सगळी अंगाची आणि मनाची. पाणी तिथं आपोआप असतं, इमारत आपोआप उभी असते, आजोबा देखाव्याचा भाग असतात. आणि खालच्या चौकटीत क्रियापदं बदलतात : उघडतं, बंद होतं, मिळतं, लागतं, आकारतात, चालत नाही. म्हणजे चौकटीत अचानक कुणीतरी दुसरा माणूस हजर होतो. वेळ ठरवणारा, किल्ली देणारा, पाणी बदलणारा, नियम लावणारा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या लेखांमधला सगळ्यात चांगला भाग ती चौकट आहे. संपादक तिला भरताड समजतात, लेखक तिला शेवटी घाईत उरकतात, पण बुडापेस्ट खरं तर तिथं आहे.

वरच्या मजकुरातून काय गळतं

सेचेनीचंच उदाहरण घ्या. ते पाणी शहराच्या बागेत आपोआप उगवलेलं नाही. विल्मोश झिग्मोंदी नावाच्या खाण अभियंत्यानं १८६८ मध्ये तिथं विंधन विहीर खणायला घेतली आणि १८७८ मध्ये ती पूर्ण झाली. खोली ९७० मीटर. आपल्याकडे बोअरची भाषा फुटांची, तर सुमारे ३,१८० फूट. लागलेलं पाणी ७४ अंशांचं. दहा वर्षं एकाच ठिकाणी खोल जात राहायचं म्हणजे त्यामागे कुणीतरी पैसा आणि धीर दोन्ही लावलेला असणार. बुडा, पेश्ट आणि ओबुडा ही गावं मिळून १८७३ मध्ये एक शहर झालं होतं, म्हणजे शहर जोडलं जात असतानाच ही विहीरही खोल जात होती. त्या पाण्यावर आजचं सेचेनी स्नानगृह उभं राहिलं १९१३ मध्ये. बाहेरचे ते वाफाळणारे प्रसिद्ध तलाव १९२७ चे. पुढे १९३० च्या दशकात १,२५६ मीटरची दुसरी विहीर खणली, कारण पहिलीचं पाणी पुरेना.

आणखी एक गोष्ट, रेल्वेच्या गावातल्या वाचकांसाठी खास. युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे बुडापेस्टमध्ये १८९६ मध्ये सुरू झाली आणि त्या मार्गावर आज एका स्टेशनचं नावच ‘सेचेनी फ्युर्दो’ आहे. फ्युर्दो म्हणजे स्नानगृह. म्हणजे आंघोळीच्या जागेला स्टेशन आहे. तिथली मोठी स्नानगृहं शहराच्या मालकीची कंपनी चालवते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर सांधेदुखीच्या रुग्णाला तिथले काही उपचार सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात. ते बुद्धिबळ खेळणारे आजोबा पर्यटकांसाठी मांडलेली हौस नाहीत. ते रोज येणारे, गुडघे दुखणारे, शहरातले करदाते आहेत.

हे लेखात येत नाही. यायला जागा लागते असंही नाही, दोन वाक्यांत बसतं. येत नाही कारण साचा ‘अनुभव’ या शब्दाभोवती बांधलेला आहे, आणि अनुभव म्हटला की तो घेणारा एकटाच उरतो.

दुसरं उदाहरण रुदाश. डॅन्यूबच्या काठावर, सोळाव्या शतकात ऑटोमन राजवटीत बांधलेला हमाम. अष्टकोनी कुंड, आठ खांबांवर घुमट, घुमटाच्या भोकांतून येणारे प्रकाशाचे झोत. या झोतांवर परिच्छेद लिहिले जातात आणि ते चांगलेही असतात. पण रुदाशचा तो तुर्की भाग कितीतरी दशकं फक्त पुरुषांसाठी होता. बायकांना तिथं जागा मिळाली ती एकविसाव्या शतकात : मंगळवार बायकांचा ठरला आणि शनिवार-रविवार सगळ्यांना एकत्र. ही माहिती मराठी लेखात कुठे येते? चौकटीत. ‘मंगळवारी फक्त महिला, वार बघून जा’ अशी. चारशे वर्षांहून जुन्या इमारतीत बाईनं पाय ठेवण्याची सगळी गोष्ट वेळापत्रकाच्या एका ओळीत गेलेली असते. वरच्या परिच्छेदात घुमट तेवढा उरतो.

आधीचं मराठी लिखाण वेगळं होतं का?

‘पूर्वीचे लेखक कसे छान लिहायचे’ असं रडगाणं मला गायचं नाहीये. पण तुलना उपयोगी आहे. मराठी प्रवासवर्णन आंघोळीला नवखं नाही, उलट त्याची सुरुवातच तीर्थस्नानाच्या आसपास आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवायला, सापडले १८५७ च्या धामधुमीत, आणि परतताना आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन आले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आलं. त्यातलं स्नान म्हणजे एक देणं आहे, कुणाचं तरी कुणाला तरी. पाण्याला माणसं चिकटलेली आहेत. त्याच लिखाणात कोणाला घाटावर जागा आहे आणि कोणाला नाही, हे लेखकाला विचारावंसंही वाटत नाही, ही त्याची मर्यादा आहेच.

पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची. ते बीबीसीत प्रशिक्षणासाठी गेले होते, म्हणजे राहायला गेले होते. राहणाऱ्या माणसाला घरमालक भेटतो, भाडं भेटतं, नियम भेटतात, आणि त्यातून विनोद होतो. अठ्ठेचाळीस तासांच्या माणसाला हे भेटत नाही, त्याला फक्त रांग भेटते. म्हणून वीकेंडच्या लेखात लेखक कमी हुशार असतो असं मी म्हणत नाही. त्याला वेळच कमी दिलेला असतो. पण वेळ कमी असेल तर वाचन जास्त करता येतं. सेचेनीची विहीर किती खोल आहे हे कळायला बुडापेस्टला महिनाभर राहावं लागत नाही. मला भुसावळमध्ये बसून कळलं.

आपलाच एक हमाम

आता बुडापेस्टहून भुसावळकडे येताना मध्ये एका स्टेशनवर उतरू : बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या काळापासून हे खानदेशाचं मोठं शहर, मोगलांच्या काळात सुभ्याचं ठाणं. तिथल्या शाही किल्ल्यात तापीकाठी हमाम आहे, छतावर रंगकाम केलेला. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली, त्यामुळे त्या हमामाबद्दल जे काही लिहिलं जातं ते तिच्यापाशी येऊन थांबतं.

रुदाश आणि बऱ्हाणपूरचा हमाम ही एकाच स्नानसंस्कृतीची दोन टोकं आहेत. एकात आजही लोक उतरतात, दुसऱ्यात आपण मान वर करून छत बघतो. मात्र इथं घाईनं ‘त्यांनी जपलं, आपण घालवलं’ असा निष्कर्ष काढला तर ती वाईट समीक्षा होईल. रुदाश शहरासाठी बांधलेला, पाणी जमिनीतूनच गरम आलेलं. बऱ्हाणपूरचा राजवाड्यातला, राजघराण्यापुरता, पाणी तापवून वापरायचा. राजवाडा गेला की त्याचा हमाम बंद पडणारच, त्यात नवल काही नाही. तुलना करायचीच तर ती उनपदेवशी करायला हवी, कारण तिथं पाणी आपोआप गरम येतं आणि सामान्य लोक उतरतात.

उनपदेव : तीन प्रकारचं लिखाण

भुसावळहून तापी ओलांडून यावल, मग किनगाव, मग अडावद. अडावदच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. गोमुखातून गरम पाण्याची धार सतत पडते, खाली कुंड. पौष महिन्यात यात्रा. याच तालुक्यात सुनपदेव आणि नाझरदेव हेही उष्ण पाण्याचे झरे, आणि पश्चिमेला शहाद्याकडे आणखी एक उनपदेव. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला धरून ही जणू एक रांगच आहे.

याबद्दल मला तीन प्रकारचं लिखाण मिळालं.

पहिला प्रकार कथेचा. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग होता, राम वनवासात इथं आले, त्यांनी बाण मारून गरम पाणी काढलं, ऋषी बरे झाले. गंमत म्हणजे हीच कथा नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरलाही सांगतात. दोन्ही गावं आपापली कथा खरी मानतात आणि त्यात भांडण लावण्यात मला रस नाही. मला रस आहे तो कथेच्या कामात. ही कथा तीन गोष्टी एका दमात सांगते : पाणी गरम का आहे, ते कशावर चालतं, आणि त्यात उतरणं मान्य का आहे. ऋषीलाही रोग होऊ शकतो म्हटल्यावर रोग्याची लाज कमी होते. कथेला मी भाबडी म्हणणार नाही, ती त्या जागेची जुनी चौकटच आहे.

दुसरा प्रकार सरकारी. इंग्रजांच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० मध्ये निघाला आणि त्यात हे झरे नोंदलेले आहेत. गॅझेटियर लेखकाला ऋषीत रस नाही, त्याला स्थळ, बांधकाम आणि अंतर हवं. नोंद कोरडी आहे, पण ती जागेकडे जागा म्हणून बघते. सेचेनीची पहिली विहीर पूर्ण झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हा खंड छापला गेला, हे मला सारखं आठवत राहतं. म्हणजे दोन्हीकडच्या गरम पाण्याची कागदावरची सुरुवात जवळपास एकाच वेळची आहे. तिथं पुढची पायरी इमारत होती, इथं पुढची पायरी पुढचं गॅझेटियर.

तिसरा प्रकार आजचा : ‘निसर्गाच्या कुशीतलं दुर्लक्षित पर्यटनस्थळ’. याचा साचा बुडापेस्टच्या लेखाशी हुबेहूब जुळतो. हिरवाई, शांतता, कथा एका परिच्छेदात, शीण निघून जाणं, आणि शेवटी विकास झाला तर जागतिक दर्जाचं स्थळ होईल, अशी आशा. फरक एकच, पण मोठा. टिप्सची चौकट नाही.

अडावदच्या पुढं जायला काय मिळतं? कुंडाचं पाणी कितीदा बदलतात? बायकांना कपडे बदलायला बंद खोली आहे का, असली तर ती किती वाजेपर्यंत उघडी? अंगावर जखम असेल तर उतरावं का? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली आणि निकाल कुठं लावलाय? या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ आहेत, असा माझा आरोप नाही. कदाचित काहींची उत्तरं चांगली असतील. माझा आक्षेप असा की लेख हे प्रश्नच विचारत नाही. बुडापेस्टमध्ये चपला न्यायच्या की नाही हे सांगणारा मराठी लेखक घराजवळच्या झऱ्यावर ‘अवश्य भेट द्या’ म्हणून थांबतो.

माझ्या आत्याचे गुडघे दुखतात. कुठल्याशा एका कुंडावर ती एकदा जाऊन आली, पाणी तिला मानवलंही. पुन्हा का गेली नाही म्हटलं तर म्हणाली, ‘ओल्या लुगड्यानं मोटारीत बसून घरी यावं लागलं, मंग कशाले जाऊ?’ कुठल्याही पर्यटन-लेखात हे वाक्य मला सापडलेलं नाही. आणि सार्वजनिक गरम पाण्याबद्दल मी वाचलेल्या पानांमध्ये याच्याइतकं नेमकं वाक्यही सापडलेलं नाही.

एक दुरुस्ती : पाणी गरम का असतं

तिसऱ्या प्रकारच्या लेखांत एक विधान सारखं येतं की पाण्यात गंधक आहे म्हणून ते गरम आहे. कधी त्यात ज्वालामुखीही येतो. हे दोन्ही सोडून द्यायला हवं. गंधकाचे क्षार पाण्यात असू शकतात, त्यानं वास येतो, पण त्यानं पाणी तापत नाही. आणि आपला काळा पाषाण ज्वालामुखीचा हे खरं, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची आच कधीच विझलीय.

पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं, आणि एखाद्या मोठ्या भेगेतून लवकर वर आलं तर निवायला वेळ न मिळाल्यामुळे गरमच बाहेर पडतं. सातपुड्याच्या पायथ्याला तापीच्या खोऱ्याला समांतर अशा मोठ्या भेगा, म्हणजे भूशास्त्रातले प्रस्तरभंग, आहेत. झरे त्या पट्ट्यात का, याचं उत्तर तिथं आहे. बुडापेस्टलाही तत्त्व हेच : डोंगरात मुरलेलं पाणी चुनखडीतून खोल जाऊन डॅन्यूबकाठच्या भेगांमधून वर येतं. शिवाय हंगेरीखालचं कवच पातळ असल्यानं तिथं तापमान खाली जाताना आपल्यापेक्षा जास्त वेगानं वाढतं.

हे इथं सांगण्याचं कारण समीक्षेचंच आहे. गंधकाचं स्पष्टीकरण दिलं की पाणी औषध होतं आणि मग त्याची तपासणी करायची गरज कुणाला वाटत नाही. भेगेचं स्पष्टीकरण दिलं की लगेच पुढचे प्रश्न येतात. वरून मुरणारं पाणी कुठलं? तिथं उपसा वाढला तर झऱ्याचं काय? केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना भूजल म्हणजे काय ते शिकवायला नको. चुकीचा शब्द वापरला की योग्य प्रश्न बंद होतो, एवढं इथं दिसतं.

‘सार्वजनिक’ हा साधा शब्द नाही

मराठीत पाणवठ्याबद्दल लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला : सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावर खुल्या झाल्या. तळ्याचं पाणी हातात घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, महाडला, डॉ. आंबेडकरांबरोबर. ठरावात नव्हती ती गोष्ट त्या दिवशी झाली, आणि ती अजून प्रत्येक पाणवठ्यावर पूर्ण झालेली नाही, हे आपल्याला गावात राहून माहीत असतं.

म्हणून कुंडाबद्दलच्या लेखात ‘भाविकांची गर्दी’ असं लिहिलं की मला थांबावं लागतं. कुठले भाविक? सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, भिल्ल, तडवी वस्ती आहे. त्यांचं या पाण्याशी नातं शहरातून येणाऱ्यापेक्षा जुनं आणि रोजचं असण्याची शक्यता जास्त. लेखात ते एक तर दिसत नाहीत किंवा ‘परिसरातील आदिवासी बांधव’ म्हणून फोटोखालच्या ओळीत येतात. बुडापेस्टच्या आजोबांसारखे, देखाव्याचा भाग.

एक आक्षेप, आणि तो रास्त आहे

माझी एक मैत्रीण पुण्यात नोकरी करते, वर्षाला मोजक्या रजा मिळतात. तिचं म्हणणं : ‘बाई गं, माणूस दोन दिवस मजा करायला जातो, त्याला कशाला महाड आणि भूशास्त्र? हलकंफुलकं वाचायचं असतं कधीतरी.’

बरोबर आहे. मजा हा गुन्हा नाही, आणि कष्टाच्या पैशानं दोन दिवस गरम पाण्यात बसलेल्या बाईला मी हिशोब मागणार नाही. पण नीट बघितलं तर तिची मजा चौकटीवरच उभी आहे. कुलूप लागणारी केबिन आहे म्हणून ती एकटी जाऊ शकते. पाणी स्वच्छ ठेवलं जातं म्हणून ती डोळे मिटून बसू शकते. बंद-चालूची माहिती आहे म्हणून तिची रजा वाया जात नाही. गेलेर्त हे १९१८ चं सुंदर स्नानगृह २०२५ च्या शरदात काही वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद झालं. हे न बघता जुनीच यादी छापणारा लेख तिची अर्धी सकाळ खातो. तेव्हा हलकंफुलकं जरूर लिहा, फक्त ज्यामुळे हलकं वाटतं ते गाळू नका.

आणि गाळण्याचा परिणाम इथं होतो, आपल्याकडे. बुडापेस्टबद्दल वाचून वाचकाच्या मनात जर ‘वाफ, घुमट, पिवळी इमारत’ एवढंच उरलं, तर तो उनपदेवसाठी काय मागेल? कमान, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. मागणी वाचनातून शिकली जाते. त्याच वाचकाला जर खोल विहीर, शहराची मालकी, डॉक्टरची चिठ्ठी आणि बायकांचा मंगळवार सांगितला असता, तर त्याची मागणी बंद दाराची खोली आणि पाण्याचा तपासणी अहवाल अशी असली असती. त्याला खर्चही कमानीपेक्षा फार नाही.

मग करायचं काय

माझा प्रस्ताव साधा आहे. उनपदेवबद्दल, किंवा कुठल्याही उन्हाळ्याबद्दल, पुढचा मराठी लेख लिहिणाऱ्यानं चौकट आधी लिहावी आणि वर्णन नंतर. उत्तर मिळालं नाही तर ओळ रिकामी ठेवून छापावी. अशी :

जायचं कसं : अडावदपर्यंत एसटी. तिथून पुढे : ______
पाण्याचं तापमान, मोजल्याची तारीख : ______
पाण्याची तपासणी, निकाल कुठे लावला आहे : ______
बायकांसाठी कपडे बदलण्याची खोली, वेळ : ______
म्हाताऱ्या माणसांना उतरायला धरायचा कठडा : ______
पौषातली यात्रा सोडून इतर दिवशी तिथं कोण असतं : ______
देखभाल कोणाकडे, विचारायचं कोणाला : ______

रिकाम्या जागा वाईट दिसतात, संपादकांना तर फारच. पण रिकामी ओळ छापली की ती कुणीतरी भरायची आहे हे उघड होतं. ‘दुर्लक्षित’ हे विशेषण तेवढं काम करत नाही. दुर्लक्ष नेमकं कोणाचं, हे ते सांगत नाही.

पुढच्या पोस्टमध्ये वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांबद्दलचं लिखाण घेणार आहे. तिथं मुंबईहून जाणारा माणूस आहे, देवी आहे, आश्रम आहे, म्हणजे साचा आणखी वेगळा. तोवर कुणी उनपदेव, सुनपदेव किंवा नाझरदेवला नुकतं जाऊन आलं असेल तर वरच्या रिकाम्या जागांपैकी एखादी जरी भरून कळवली, तारखेसकट, तर प्रबंधाला उपयोग होईलच. माझ्या आत्यालाही होईल.